घट्ट बांधलेलं फडकं

आई,

मागच्या आठवड्यात मी एका बाईची सुट्टी थांबवली. कागदावर डॉक्टरांची सही झाली होती, बाळाला टोपडं घालून झालं होतं, बाळंतिणींना घरी सोडणारी गाडी दारात उभी होती, आणि माझ्याकडे कारण म्हणून दाखवता येईल असं जवळजवळ काही नव्हतं. जे थोडं होतं ते मी कॉलेजात शिकले नव्हते. म्हणून तुला लिहिते आहे. तू गेलीस तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते; तू मला गणवेशात पाहिलंस, कामात पाहिलं नाहीस. आता मी वैनगंगेच्या या बाजूला, एका तालुक्याच्या गावच्या रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सांभाळते. सावली गावाकडच्या त्या आरोग्य उपकेंद्रात तू एकटी जे करायचीस, ते इथे आम्ही चौघीपाचजणी मिळून करतो, आणि तरी दिवस पुरत नाही.

सध्या रोवण्याचे दिवस आहेत, धानाची लावणी जोरात आहे. या दिवसांत घरच्यांना बाळंतीण लवकर घरी हवी असते, कारण तिच्यापाशी बसलेली सासू किंवा आई धानाच्या बांधीत हवी असते. खाटा कमी, बाया जास्त, त्यामुळे आम्हालाही सुट्टी द्यायची घाई असते. वॉर्डात शिरलं की आधी फडकी दिसतात. जुन्या लुगड्याचा तुकडा, नवऱ्याचा दुपट्टा, एखादीच्या डोक्याला कॉलेजातली ओढणी. कानात कापूस, त्यावरून फडकं, मागे मानेवर गाठ, हवा लागू नये म्हणून. पंखा लावला की सासवा बंद करतात, बंद केला की बाळं रडतात. नव्याने आलेल्या मुली या फडक्यांना हसतात. मी हसत नाही आणि वादही घालत नाही. कापूस स्वच्छ असला की पुरे, फडक्याने कुणाचं काही बिघडत नाही, असं मी त्यांना सांगत आले. ते पूर्ण खरं नाही. फडकं एक गोष्ट झाकतं. इथे प्रत्येकीचं डोकं बांधलेलं असल्यामुळे, जिने ते दुखतं म्हणून बांधलं आहे ती वेगळी दिसत नाही. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेली डोकेदुखी कधी कधी चढत्या रक्तदाबाची असते. बाळ झालं म्हणजे तो धोका संपला, असं घरच्यांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर दमलेल्या नर्सलाही वाटतं. मग झटके येतात. ते नाल्यापलीकडच्या गावात, पावसात आले, तर त्या बाईचं काय होतं हे तुला मी सांगायची गरज नाही.

तुझ्या उपकेंद्राला दोन दारं होती. पुढचं दार सरकारी, तिथे पाटी, वजनकाटा, लसीचा डबा. मागचं दार आपल्या स्वयंपाकघराचं. पुढच्या दाराने आलेल्या बाया तुला "बरं हाये" असं सांगायच्या आणि मागच्या दाराने आलेल्या बाया खरं सांगायच्या. पुष्कळदा त्या एकाच दिवशी आलेल्या त्याच बाया असायच्या. मी चुलीपाशी अभ्यासाला बसलेली असायचे. अजून मला ते नीट दिसतं. तू भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडते आहेस. दारात एक बाळंतीण येऊन उभी राहते, बाळ तिच्या आईच्या हातात. तू वर बघत नाहीस.

"का चाललं वो?"

"बरं हाये शिस्टरबाई."

"मंग बस इथी. खडे वेचू लाग."

ती बसते. तांदूळ निवडायला वाकते आणि लगेच डोळे मिटून मान सरळ करते. तू अजूनही सुपातच बघते आहेस.

"डोक्स्याले एवढं काऊन आवळलं? मटका हाये का, का तडकला म्हणून दोरी बांधली?"

बाई खुदकन हसते. तिची आईही हसते. आणि हसता हसता ती बोलून जाते, "ठणकते ना बाई. कालपासून. ह्या इथी." तू सूप बाजूला ठेवतेस, "सैल बांध वो, केस गळतात असं बांधलं का," असं म्हणत स्वतःच गाठ सोडतेस, कपाळावरून अंगठा फिरवतेस, आणि मग हात धुऊन, काही घाई नसल्यासारखी, पुढच्या खोलीतून रक्तदाबाचं यंत्र घेऊन येतेस. मला तेव्हा वाटायचं की तू त्यांच्याशी गप्पा मारतेस. तुला गप्पांची हौस आहे आणि त्यापायी आपली भाजी करपते, अशी माझी तक्रार होती. करपायचीही. वांगी तर नेहमीच.

तुझं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. तू गेलीस म्हणून तुला देव्हाऱ्यात बसवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही आणि तुलाही आवडलं नसतं. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत मी घरी आले होते आणि तुझ्या जागी पुढच्या खोलीत बसले होते. एका बाईचा रक्तदाब मोजला आणि तिच्यासमोरच तुला ओरडून सांगितलं, "आई, नॉर्मल आहे गं." तू आतून आलीस. बाईला दारापर्यंत पोचवलंस. मग म्हणालीस, "नॉर्मल कोन हाये?"

"रक्तदाब."

"ते तं आयकलं मी. आता बाईचं सांग."

तिचा चेहरा कसा होता, ती एकटी आली की कुणाबरोबर, चालत आली की सायकलवर बसून, मला आठवेना. मी चिडले. चिडले की मी थंड होते, हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, "तू मोजतेस तो तरी कुठे बरोबर असतो? तुझा पट्टा अरुंद आहे. जाड दंडाला हा पट्टा लावला की आकडा जास्त येतो. मोठा पट्टा मागवायला हवा होता." मला वाटलं आता बोलणी बसणार. तू पट्टा उचललास, उलटसुलट करून पाहिलास आणि म्हणालीस, "हे मले कोनी सांगतलंच नाई आजलोक." पुढच्या आठवड्यात तू तालुक्याला जाऊन मोठा पट्टा मागून आणलास. मिळेपर्यंत तिथल्या साहेबाच्या टेबलासमोर बसून राहिलीस, हे मला नंतर तुझ्याबरोबरच्या आशाताईंनी सांगितलं. तुझं ते 'आता बाईचं सांग' मला लागलं होतं, पण पट्ट्याच्या वेळी तू ज्या तऱ्हेने ऐकून घेतलंस तसं ऐकून घेणं मला अजून साधत नाही. मी आधी उत्तर देते.

नंतर कॉलेजला परत निघाले त्या दिवशी तू मला चामोर्शीच्या बाजारातून आणलेलं स्टूल दिलंस. बुटकं, लाकडाचं, वर प्लास्टिकच्या पट्ट्या विणलेल्या. मुली घरून लाडू आणतात, चादर आणतात. मी स्टूल घेऊन बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, शीट खाली असून सोताचं स्टूल घेऊन राह्यल्या? भरोसा नाई का महामंडळावर?" सगळी बस हसली आणि तू खिडकीखाली उभी राहून सगळ्यांत मोठ्याने हसलीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशाला दिलंस, ते तू सांगितलं नाहीस, एवढंच म्हणालीस, "उभ्यानं नको इचारत जाऊ कोनाले." ते स्टूल अजून माझ्याकडे आहे. पट्ट्या दोनदा बदलल्या. वॉर्डात ते खाटेपेक्षा खाली येतं, म्हणजे मी बसले की बाई माझ्याकडे वरून बघते. तिला बरं वाटत असावं, पण माझ्या दृष्टीने खरा उपयोग वेगळा आहे. उभं राहिलं की फडक्याचा फक्त माथा दिसतो. खालून बघितलं की फडक्याच्या कडेखालचे डोळे दिसतात.

तर ती सुट्टी थांबवलेली बाई. वय विशीतलं, पहिलंच बाळंतपण, मुलगी झालेली. जंगलाकडच्या गावची, गावाच्या अलीकडे नाला, नाल्यावर बुटका पूल. पाऊस जोराचा झाला की त्या पुलावरून पाणी जातं आणि गाव एका दिवसासाठी, कधी दोन दिवसांसाठी, तुटतं. बरोबर सासू. नवरा आणून सोडून परत रोवण्याला गेलेला. गरोदरपणात रक्तदाब कधी वाढलेला नाही, बाळंतपण सरळ. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पाहिलं, सुट्टी लिहिली. मी सुट्टीच्या बायांना निघताना काय काय सांगायचं ते सांगत खाटेपासून खाटेपर्यंत येत होते. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी विचारलं, "काही त्रास?" तिने मान न हलवता म्हटलं, "बरं हाये." मी पुढच्या खाटेकडे वळलेही. आणि मग मला जाणवलं की काहीतरी जागेवर नाही. काय, ते कळायला थोडा वेळ लागला. गाठ. आदल्या दिवशीपर्यंत तिच्या फडक्याची गाठ इतर सगळ्यांसारखी मागे मानेवर होती. आज ती कपाळावर होती, आवळून, दोन वेढे देऊन.

मी स्टूल ओढलं आणि बसले. खालून बघितलं तर ती डोळे किलकिले करून होती. खिडकीतला उजेड नको म्हणूनच ती भिंतीकडे वळली होती. सासूला विचारलं, गाठ कुणी बांधली.

"तिनंच सोता. हवा लागली तिले तुमच्या पंख्याची. घरी गेली का शेक देतो, उतरते."

मी हलकेच गाठ सोडली. गोऱ्या नसलेल्या त्या कपाळावरही वळ उठलेला दिसत होता. फडकं सुटलं तशी तिने दोन्ही हातांनी कानशिलं धरली, आणि मी तिला "डोकं दुखतं का?" असं विचारलं नाही, कारण त्याचंही उत्तर "बरं हाये" आलं असतं. मी म्हटलं, "एवढं आवळल्यानं काही फरक पडते का?" ती म्हणाली, "बांधलं तं जरा दबते." रक्तदाब मोजला. एकशे छत्तीसवर शहाऐंशी. आमच्या तक्त्यात हा आकडा हिरव्या, म्हणजे काळजी नसलेल्या, रकान्यात येतो.

आमचे डॉक्टर माझ्यापेक्षा लहान आहेत, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले, आणि चांगले आहेत. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टींत डॉक्टरला उद्धट करायची पद्धत आहे. त्यांनी कागद बघितला आणि सरळ विचारलं, "डोकं दुखतंय असं म्हणाली?"

"नाही सर. बरं आहे म्हणाली."

"मग आपण कशावर थांबतोय?"

आम्हाला ज्या क्रमाने सांगायला शिकवलं आहे त्या क्रमाने मी त्यांना सांगितलं. काल गाठ मागे होती, आज पुढे आहे, कपाळावर वळ आहे. उजेडाकडे पाठ करून बसते. सकाळपासून बाळाला स्वतःहून उचललेलं नाही, सासू देते तेव्हा घेते. आकडा हिरव्यात आहे, पण तिचा कालचा आकडा यापेक्षा बराच खाली होता. "मला दुपारपर्यंत वेळ हवा आहे. मधूनमधून मोजत राहते, लघवी तपासायला पाठवते. दुपारी काही नसेल तर मी स्वतः तिला गाडीत बसवून देते."

"बाहेर दोघी एका खाटेवर आहेत, सिस्टर. आणि तोवर नाल्याला पाणी आलं तर ही अडकेल."

"इथे अडकेल सर. आत्ता पाठवली आणि मग पाणी आलं, तर तिकडे अडकेल."

त्यांनी एकदा खिडकीतून पावसाकडे बघितलं आणि सुट्टीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "ठीक आहे. सही माझी आहे, मी खोडतो. पण सासूबाईंना आणि गाडीवाल्याला तुम्ही सांगायचं." हे त्यांनी अर्धवट गमतीने म्हटलं. गंमत अजिबात नव्हती.

गाडीवाल्याने मोबाइल खिशात ठेवला आणि दोन्ही हात जोडले. "मॅडम, फडकं घट बांधलं म्हणून सुट्टी कॅन्सल? उद्या मी टोपी घट घालून आलो, का मले बी भरती करसान!" व्हरांड्यातल्या सगळ्या माणसांना ते आवडलं. सासूला नाही आवडलं. ती उठून उभीच राहिली. "रोवणा अर्धा पडून हाये बाई. तुमाले बसल्या जागी पगार भेटते. आमचं कोन करन? चांगली तं हाये पोरगी. खाऊन राह्यली, पिऊन राह्यली. तुमी काऊन बिमार करून राह्यल्या तिले?" मी म्हटलं, "मावशी, दुपारपर्यंत थांबा. नाई काही निघालं, तं मले वाट्टेल तसं बोला." ती म्हणाली, "ते तं मी आताच बोलून राह्यली." आणि बोललीही. मी ऐकून घेतलं. तुझी मुलगी आहे, पण तुझ्यासारखं हसून ऐकणं मला येत नाही. मी नुसती उभी राहते आणि लोकांना वाटतं मला घमेंड आहे.

पुढचं सांगताना मला आकडे सांगावेच लागतील. थोड्या वेळाने पुन्हा मोजला तेव्हा रक्तदाब वाढला नव्हता, उलट उतरला होता. एकशे अठ्ठावीस. लघवीत प्रथिनं निघाली, पण पुसट, आणि बाळंतपणानंतर तशी ती निघतातच. सासूने माझा चेहरा वाचला आणि पिशवी पुन्हा खांद्याला लावली. गाडीवाला दारातून डोकावून म्हणाला, "आता तं जाऊ द्या ना मॅडम, पुलावर पानी चढून राह्यलं म्हणते." खाट मिळेल म्हणून वाट बघणाऱ्या दोघींच्या घरचेही माझ्याकडे बघत होते. आई, त्या वेळी मला तिथून निघून जावंसं वाटलं. मी इतकंच केलं की तिच्याजवळ परत जाऊन बसले. आकडा उतरला होता, पण ती तशीच होती. बाळ रडलं, सासूने उचललं, तिने मान वळवली नाही. पहिल्या मुलीच्या रडण्याकडे मान न वळवणारी बाई मला घरी पाठवायची नव्हती. याहून चांगलं कारण माझ्याकडे नव्हतं आणि ते मी कुणाला सांगितलंही नाही. "अजून थोडं," एवढंच म्हटलं.

जेवणाच्या सुमारास तिने पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं. "बाई, भिंतीवर काजवे फिरून राह्यले."

सासू भिंतीकडे बघायला लागली. "दिवसाचे कुठचे काजवे वो?" आणि मग तिने भिंतीवरची नजर काढून सुनेच्या डोळ्यांकडे बघितलं.

मी पट्टा बांधला. काटा एकशे सहासष्टवर. खालचा एकशे बारा. दुसऱ्या दंडावर मोजला, तितकाच. डॉक्टरांना बोलावणं पाठवलं आणि ते यायच्या आत नळी, इंजेक्शनं, आणि त्या इंजेक्शनाचा उतारा, सगळं खाटेशी मांडून ठेवलं. पुढची घाई तुला ठाऊक आहे. रक्तदाब उतरवायची गोळी, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम, शिरेतून आणि दोन्ही बाजूंनी कमरेत खोल. ते फार दुखतं. ती "मेली वो माय" असं ओरडली आणि सासूने तिचे पाय धरून ठेवले. त्यानंतर मी तिथून हलले नाही. श्वास मोजायचे, गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, लघवी किती होते ते बघायचं, कारण हेच औषध जास्त झालं तर श्वास थांबवतं. सासू म्हणाली, "हातोडी काऊन मारता बाई तिले?" मी समजावून सांगितलं. नंतर ती माझ्याआधी म्हणायला लागली, "बाई, हातोडी झाली नाई अजून."

झटका आला नाही. संध्याकाळपर्यंत आकडा खाली आला, रात्रीच तिने बाळाला मागून घेतलं. नाल्याला पूर आलाच; गाडीवाला आमच्याच व्हरांड्यात पांघरूण मागून झोपला आणि सकाळी चहा पिताना मला म्हणाला, "मॅडम, माही टोपी बी पाहून घ्या एकडाव. घट वाटून राह्यली." रक्तदाब स्थिर झाल्यावर, पाणी उतरल्यावर, त्याच गाडीतून ती घरी गेली. फडकं बांधून, गाठ मागे. तिच्या गावातल्या आशा कार्यकर्तीला मी फोन करून दर दोन दिवसांनी मोजायला सांगितलं आहे.

या सगळ्यानंतर वॉर्डात माझं नाव "फडकंवाली सिस्टर" पडलं. डॉक्टरांनी बैठकीत ही हकिकत सगळ्यांना सांगायला लावली. मी सांगितली, पण त्यांना हवी तशी नाही. एका नव्या मुलीने वहीत लिहून घेतलं, 'घट्ट फडकं = रक्तदाब', ते मी तिला खोडायला लावलं. घट्ट फडकं म्हणजे रक्तदाब नव्हे. बहुतेक वेळा घट्ट फडकं म्हणजे घट्ट फडकं. कालची बाई आज कशात बदलली आहे, एवढंच बघायचं, आणि बदल दिसला तर कारण सापडेपर्यंत तिला नजरेआड जाऊ द्यायचं नाही. आणि हेही सांगितलं की पुढच्या वेळी मी अशीच गाडी थांबवेन आणि काहीही निघणार नाही, तेव्हा सगळ्यांनी तयारीत राहावं.

हे बोलताना मला ती जीप आठवली. मी सातवी-आठवीत असेन. तू एका बाळंतिणीला पोटात दुखतं म्हणून भरदुपारी सरपंचाच्या जीपमध्ये घालून चंद्रपूरला, म्हणजे गावच्या भाषेत चांद्याला, पाठवलंस. रडारड झाली, अर्धं गाव रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी ती परत आली, ठणठणीत, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बाळासाठी झबलं. नुसता वात धरला होता. तिचा सासरा उपकेंद्रासमोर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शिस्टरबाईनं आमाले चांदा फिरवून आनला! आता पुढल्या बारीले नागपूरले धाडजो वो बाई, तेवढंच पाहाचं राह्यलं." लोक पोट धरधरून हसले. मी लाजेने आत जाऊन बसले. शाळेतही मुलींनी चिडवलं. आणि तू? तू त्याच दिवशी तिला घरी बोलावून शिरा खाऊ घातलास आणि तिचं झबलं हातात घेऊन बघत बसलीस. ती गेल्यावर मी विचारलं, "सगळे हसले तुला. तुला काहीच वाटत नाही का?"

"वाटते ना."

"काय?"

"बरं वाटते. चुकली ना मी." आणि तू खरोखर खुशीत होतीस. भाकरीचं पीठ हाताला लागलेलं, आणि तू गुणगुणत होतीस. मला ते नाटक वाटलं होतं. आता मला कळतं की ते नाटक नव्हतं.

म्हणून हे एक तुलाच सांगायचं आहे, आणि हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून सांगता येतं आहे. त्या दुपारी तो काटा एकशे सहासष्टवर थांबला तेव्हा, आई, मला भीती वाटायच्या आधी बरं वाटलं. एक श्वासभर असेल. छाती हलकी झाली. खाटेवरच्या त्या मुलीला समोरची भिंत धड दिसत नव्हती, आणि मी मनातल्या मनात 'बघा, निघालं ना' म्हणत दाराकडे, त्या गाडीवाल्याकडे, पिशवी खांद्याला लावून बसलेल्या सासूकडे बघत होते. मग हात आपोआप कामाला लागले आणि ते विसरलं गेलं. काम मी नीट केलं. त्यात काही कमी पडलं नाही. पण तो एक श्वास मला अजून आठवतो.

त्या दिवशी मी चुकले असते, ती ठणठणीत निघाली असती आणि सगळ्यांसमोर हसत गाडीत बसून गेली असती, तर घरी येऊन मी तुझ्यासारखी गुणगुणले असते का? मला नाही वाटत. निदान अजून तरी नाही.